वर्गातील चेष्टा आणि पाहणारी मुले

मुलांच्या थट्टामस्करीने शाळेत चैतन्य राहते, हे खरे. परंतु प्रत्येक थट्टा निरुपद्रवी असतेच असे नाही. दोन बरोबरीचे मित्र एकमेकांस चिडवितात व घटकाभराने एकत्र खेळू लागतात, ती थट्टा होय. उलट, एकाच मुलाला पुनःपुन्हा लक्ष्य केले जाते, ते दुखावले जावे हाच हेतू असतो आणि वयाने, संख्येने वा अंगबळाने दुबळे असल्यामुळे त्याला प्रतिकार करता येत नाही, तेव्हा तो छळ होय. हेतू, पुनरावृत्ती व बळाची विषमता ही तीन लक्षणे नॉर्वेतील संशोधक डॅन ओल्वेउस यांनी सांगितली. त्या देशात १९८२ च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागील कारण असावे असे दिसून आल्यावर १९८३ साली तेथील शासनाने देशभर मोहीम हाती घेतली. ‘मुलांचे भांडण मुलेच मिटवतील’ ही समजूत किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

जिल्ह्यातील स्वरूप

नाशिक जिल्ह्यात छळाचा आरंभ अनेकदा बोलीपासून होतो. बागलाण, मालेगावकडील मूल ‘माझे’ याऐवजी ‘मन्हं’ म्हणते. सुरगाणा, पेठकडील मूल घरी कोकणा बोली बोलते. द्राक्षबागांच्या कामासाठी या डोंगराळ तालुक्यांतील कुटुंबे निफाड, दिंडोरीकडे उतरतात व त्यांची मुले वर्षाच्या मध्येच नव्या वर्गात येऊन बसतात. तेथे त्यांचा एकही मित्र नसतो. पहिल्याच दिवशी तोंडून निघालेल्या शब्दावर वर्ग हसतो; तोच शब्द पुढे त्या मुलाचे नाव होऊन बसतो. मूल बोलेनासे होते, मग वाचेनासे होते आणि अखेर शाळेत येईनासे होते. हजेरीपटावर त्याची नोंद केवळ ‘गैरहजर’ अशी होते. खरे कारण कोठेच लिहिले जात नाही.

पाहणाऱ्यांचा वाटा

छळ करणारी मुले थोडी असतात, पाहणारी पुष्कळ. फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिव्हाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या पाहणाऱ्यांच्या निरनिराळ्या भूमिका मांडल्या : कोणी साथ देतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी दूर राहतो, तर कोणी पीडिताच्या बाजूने उभा राहतो. चिडविणाऱ्यास हवे असते ते हसणारे प्रेक्षक. ते मिळाले नाहीत, तर त्याचा उत्साह बराचसा ओसरतो. मात्र या प्रेक्षकांत पहिले स्थान शिक्षकाचे असते. मुलाच्या शब्दावर गुरुजी किंवा बाई किंचित हसल्या, तरी वर्गाला परवानगी मिळते.

म्हणून बोलीला वर्गात मानाचे स्थान द्यावे. एकाच वस्तूची निरनिराळ्या बोलींतील नावे फळ्यावर लिहून घ्यावीत व नव्या मुलाकडून इतरांनी ती शिकावीत. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील निरक्षर बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ती बोलीतच आहेत आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली, हे मुलांना अवश्य सांगावे.

प्रसंग घडल्यावर

१. पीडित मुलाचे म्हणणे एकांतात व शांतपणे ऐकावे. ‘तूच काहीतरी केले असशील’ असे म्हणू नये.

२. दोघांना वर्गासमोर उभे करून जबाब घेऊ नयेत, बळेने क्षमाही मागावयास लावू नये. त्यामुळे दुबळा अधिकच उघडा पडतो.

३. छळ करणाऱ्यासही मारू नये. बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास यांस मनाई आहे. शिवाय, बळवंताने दुबळ्यास मारावे, हाच धडा त्यातून मिळतो. त्याच्याशी वेगळे बोलावे, कृत्य चुकीचे आहे हे स्पष्ट सांगावे व भरपाईदाखल एखादे उपयुक्त काम त्याच्याकडे सोपवावे.

४. दोन-तीन समंजस मुलांना पीडिताशेजारी बसण्याचे व मधल्या सुटीत सोबत राहण्याचे काम द्यावे.

५. घटनेची नोंद ठेवावी व आठ दिवसांनी पुन्हा चौकशी करावी. छळ एका समजुतीने क्वचितच थांबतो.

६. मजूर पालक दिवसा शाळेत येऊ शकत नाहीत. शिक्षकाने सायंकाळी वस्तीवर जाऊन भेटावे. प्रकरण गंभीर असल्यास मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांना कळवावे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलांना पाठ असावा.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात कोणत्या मुलांना खऱ्या नावाऐवजी टोपणनावाने हाक मारली जाते? ते नाव त्यांना आवडते काय?

२. गेल्या महिन्यात सतत गैरहजर राहिलेल्या मुलांपैकी कितीजणांना शाळेत एकही मित्र नव्हता?

३. मधल्या सुटीत शाळेच्या आवारातील कोणता भाग शिक्षकांच्या दृष्टीआड राहतो?