बागेतली आगगाडी

नंदुरबारच्या स्टेशनावर तुम्ही आगगाडी पाहिली असेल. सुरत–भुसावळ मार्गावरची ही गाडी. तिच्या दोन रुळांत ५ फूट ६ इंच अंतर असते.

आता एक लहान गाडी पाहू. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली 'फुलराणी' नावाची छोटी गाडी सुरू झाली. ती मुलांसाठी होती. पण विलायतेत याहूनही लहान गाड्या आहेत. तिथल्या पुष्कळ बागांत रुळांमधले अंतर फक्त ५ इंच किंवा सव्वासात इंच असते. म्हणजे एक वीतही नाही! पोरे डब्यावर घोड्यावर बसल्यासारखी बसतात. तरी इंजिन खरे असते. कोळसा, पाणी, वाफ, सगळे खरे.

ही गाडी चालवतो कोण? सरकार नाही, कंपनी नाही. गावातली हौशी माणसे मिळून मंडळ काढतात. लंडनमध्ये अशा हौशी कारागिरांचे एक मंडळ १८९८ साली निघाले. सभासद घरी फावल्या वेळात इंजिन घडवतात. रविवारी कोणी रूळ तपासतो, कोणी तिकीट देतो, कोणी गाडी हाकतो. पगार कोणालाच नाही. तिकिटाचा पैसा कोळशाला आणि रुळांच्या डागडुजीला जातो.

वर्गात हे सांगितले तेव्हा एक आजोबा हसले. म्हणाले, "गुरुजी, हा तर पोरखेळ झाला!"

मी म्हटले, "आजोबा, खेळ खरा. पण वाफ खेळातली नाही."

पाणी उकळले की त्याची वाफ होते. एक मापटे पाण्याच्या मोकळ्या वाफेला सुमारे सोळाशे मापट्यांची जागा लागते. बॉयलरमध्ये ती कोंडली जाते. मग ती जोराने दट्ट्या ढकलते आणि चाक फिरते. पण बॉयलर कमजोर असला तर तो फुटतो. मागे तर पोरे बसलेली!

म्हणून मंडळाचा नियम कडक असतो. नव्या बॉयलरमध्ये आधी गार पाणी गच्च भरतात. रोजच्या दाबाच्या दुप्पट दाब देतात. गार पाणीच का? बॉयलर तडकला तर पाणी नुसते गळते. वाफ मात्र स्फोट करते. पुढे जादा दाब आपोआप सोडणारी झडपही तपासतात. कुकरची शिटी तुम्हाला ठाऊक आहे, तसेच तिचे काम.

तपासणी झाली की कागदावर लिहितात : इंजिन कोणते, दाब किती, तारीख कोणती, तपासले कोणी. खाली सही. कागद नाही, तर गाडी नाही. इंजिन मंडळाच्या अध्यक्षाचे असले तरी नाही!

आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे लेकराचा जीव त्या कागदावर हाय."

बरोबर बोलले. आपल्या गावातही मंडळे आहेत. भजनी मंडळ आहे, बचत गट आहे, पाण्याची समिती आहे. टाकी कधी धुतली, औषध कधी टाकले, पैसा कुठे गेला, हे वहीत लिहिले आहे का? लिहिले असेल तर वाचा. नसेल तर विचारा. आता तुम्हाला वाचता येते.

प्रश्न :
१. बॉयलर तपासताना गार पाणी का वापरतात?
२. तुमच्या गावातली कोणती वही तुम्ही वाचून पाहाल?