सरावानंतरची सुधारणा : विद्यार्थ्यांच्या संशोधन सादरीकरणासाठी एक पाठ

झाशी हे कृषी संशोधनाचे महत्त्वाचे केंद्र आहे. चारापिकांवर काम करणारी भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था येथे 1962 पासून कार्यरत आहे. कृषिवानिकीचे राष्ट्रीय केंद्र 1988 मध्ये येथे सुरू झाले, तर राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठाची स्थापना 2014 मध्ये झाली. महाराष्ट्रातील पदव्युत्तर विद्यार्थी अशा ठिकाणी आपले संशोधन मांडावयास जातो, तेव्हा पूर्वतयारी म्हणून विभागात एकदा सराव घेतला जातो. मात्र सरावानंतर नेमके काय बदलावे, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. केवळ अक्षरांचा आकार वा पार्श्वभूमीचा रंग बदलणे म्हणजे सुधारणा नव्हे.

नोंदींची वर्गवारी

सरावाच्या वेळी एका सहकाऱ्याने प्रत्येक स्लाइडला लागलेला वेळ व दुसऱ्याने विचारलेले प्रश्न लिहून घ्यावेत. नंतर या नोंदी तीन गटांत विभागाव्यात : आशयातील दोष, मांडणीतील दोष आणि बोलण्यातील दोष. दुरुस्तीही याच क्रमाने करावी. आशय चुकीचा असेल, तर सुबक मांडणी ती चूक अधिक दूरवर पोहोचवते.

उदाहरण : आकडे काय सांगतात?

समजा, विद्यार्थ्याने संकरित नेपियरच्या पाच वाणांची चाचणी चार पुनरावृत्तींत घेतली. सरावात त्याने सांगितले, ‘अ वाणाचे हिरव्या चाऱ्याचे उत्पादन हेक्टरी 400 क्विंटल, ब चे 360 व क चे 352 क्विंटल आले, म्हणून अ वाण सर्वोत्तम.’ त्यावर मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, ‘यात पाणी किती?’

हिरव्या चाऱ्याचा नमुना ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवला, तर शुष्क पदार्थाचे प्रमाण कळते. ते अ वाणात 20 टक्के आणि ब व क वाणांत 25 टक्के असेल, तर शुष्क पदार्थाचे उत्पादन अनुक्रमे 80, 90 व 88 क्विंटल ठरते. क्रम उलटला! जनावराचे पोषण पाण्यावर नव्हे, शुष्क पदार्थावर होते; म्हणून हा तक्ता मुख्य स्लाइडवर यावयास हवा.

आता ब सर्वोत्तम म्हणावे काय? येथे क्रांतिक फरक पाहावा. पाच वाण व चार पुनरावृत्ती असलेल्या यादृच्छिक गट मांडणीत त्रुटीचे स्वातंत्र्यांश 12 येतात व 5 टक्के पातळीवर टी-मूल्य 2.179 असते. मध्याची प्रमाण त्रुटी 2.5 क्विंटल असल्यास क्रांतिक फरक 2.5 × 1.414 × 2.179, म्हणजे सुमारे 7.7 क्विंटल होतो. ब व क हे दोन्ही अ पेक्षा सरस ठरतात. परंतु त्यांच्यातील फरक केवळ 2 क्विंटल असल्याने ते परस्परांशी समकक्ष आहेत. निष्कर्षाच्या स्लाइडवर नेमके हेच वाक्य असावे. एकाच ठिकाणची व एकाच हंगामाची चाचणी असेल, तर तीही मर्यादा तेथेच नमूद करावी.

मांडणी व वेळ

दहा मिनिटांपैकी आठ मिनिटे सादरीकरणास व दोन प्रश्नोत्तरांस राखावीत. आठ ते दहा स्लाइड पुरेशा होतात. प्रबंधातील संपूर्ण तक्ता जसाच्या तसा न चिकटवता, बोलण्यात ज्यांचा उल्लेख होणार आहे तेवढेच आकडे ठेवावेत. उर्वरित तक्ते शेवटी राखीव स्लाइडवर असावेत. प्रत्येक आलेखावर एकक लिहावे. वेळ कमी पडू लागल्यास वेगाने बोलू नये, आशय कमी करावा.

श्रोत्यांचा विचार

बुंदेलखंडात उन्हाळ्यात जनावरे मोकळी सोडण्याची ‘अन्ना प्रथा’ आहे. तिच्यामुळे पिकांचे नुकसान होते आणि चाराटंचाईचा प्रश्न थेट शेतापर्यंत येतो. झाशीतील श्रोता सहज विचारेल, ‘हा वाण उन्हाळ्यात किती कापण्या देईल व त्यास किती ओलित लागेल?’ राकड व पडवा या तेथील तांबड्या, तर काबर व मार या काळ्या जमिनी आहेत. आपली चाचणी कोणत्या जमिनीवर झाली, हे सांगितल्याखेरीज तुलना होऊ शकत नाही. उत्तर ठाऊक नसल्यास ‘या चाचणीत ते तपासलेले नाही’ असे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरा सराव

दुरुस्तीनंतर पुन्हा सराव घ्यावा आणि त्या वेळी विषयाबाहेरचा एक श्रोता अवश्य बसवावा. शेवटी त्याला निष्कर्ष एका वाक्यात सांगावयास लावावे. त्याचे वाक्य व आपले वाक्य जुळले, तर सादरीकरण तयार झाले असे समजावे. सरावात निघालेली चूक कागदावरच दुरुस्त होते. तीच शिफारशीत शिरली, तर तिची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.