दार उघडताच कपाटात उजेड

प्रश्न : सागवानी कपाटात १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या लावल्या. दाराला चुंबकाचा स्विच बसवला, पण दार बंद असताना पट्ट्या पेटतात आणि उघडलं की विझतात. काय चुकलं?
– एक वाचक, सडक अर्जुनी

उत्तर : जोडणी ठीक आहे, स्विचचा प्रकार उलटा आला. चोरघंटीसाठी मिळणाऱ्या साध्या रीड स्विचचे संपर्क चुंबक जवळ आल्यावर जुळतात. तुम्हाला चुंबक दूर गेल्यावर जुळणारा हवा. पाकिटावरच्या ‘एनओ-एनसी’ (एरवी उघडा-एरवी जुळलेला) या अक्षरांवर विसंबू नका. कोणी ती अक्षरं चुंबक जवळ धरून लिहितो, कोणी दूर धरून. दुकानातच मल्टीमीटर लावून पाहा.

मी मात्र तुम्हाला पट्टीवाला मायक्रोस्विच सुचवेन. तारा ‘सी’ आणि ‘एनसी’ला जोडा, बंद दार पट्टी दाबून दिवा विझवतं. तुमच्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार पूर्ण मिटत नाही, म्हणून पट्टीला दोन-तीन मिलिमीटर जास्तीचा दाब ठेवा. शिवाय मीटरला १४.४ वॉटची एलईडी पट्टी मीटरमागे १.२ अँपिअर ओढते, आणि अर्ध्या अँपिअरच्या रीडचे संपर्क त्याने चिकटून बसतात. दोन दारांना एकच दिवा असेल तर स्विच समांतर जोडा.

आणि कृपा करून स्विच अ‍ॅडॉप्टरनंतरच्या १२ व्होल्टच्या तारेतच घाला, २३० व्होल्टच्या नाही. त्या कपाटात मुलांचे हात जातात.