रोजची भाकर आणि दिवसाचे वचन : ख्रिस्ती दैनिक चिंतन या वाङ्मयप्रकाराचा विचार

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपल्यासमोर सहसा काही ठरावीक ग्रंथ येतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६), बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७), रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हे ते ग्रंथ होत. त्यांचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. परंतु ख्रिस्ती घरात रोज सकाळी जे वाचले जाते ते यांपैकी काही नसते. ते असते एक छोटे पुस्तक. त्यात प्रत्येक पानावर तारीख, तिच्याखाली शास्त्रातील एक वचन, त्यावर दहापंधरा ओळींचे मनन आणि शेवटी प्रार्थना. असे पुस्तक वर्षभर वाचून झाले की पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयास घेतात, किंवा त्याच्या जागी नवे येते. वाङ्मयाच्या इतिहासकाराने या पुस्तकाकडे लक्ष द्यावे असे त्यात वरवर काही दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या दैनिक चिंतनाचा एक वाङ्मयप्रकार म्हणून विचार करावयाचा आहे. त्याचा आशय जवळजवळ सर्वत्र एकच असतो : देवावर भरवसा ठेवावा आणि शास्त्राच्या आधारे जगावे. प्रश्न असा की, ज्या शास्त्राच्या आधारे जगावयाचे त्याचा एकच तुकडा कापून दिवसाला जोडला, तर तो आधार ठरतो की शास्त्राचा विपर्यास होतो? या प्रकाराचे सामर्थ्य आणि त्याचा धोका ही दोन्ही त्या एकाच कापण्यातून उद्भवतात, असे मला वाटते.

२

दिवस हे या प्रकाराचे परिमाण आहे, आणि ते छपाईच्या सोयीसाठी निवडलेले नाही. त्याचे मूळ शास्त्रातच सापडते. 'निर्गम' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात अरण्यातील इस्राएल लोकांना मान्ना मिळतो, त्याची अट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करावा. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. केवळ सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती, आणि शब्बाथासाठी ठेवलेला तेवढा मात्र नासला नाही. भरवसा म्हणजे काय, याची व्याख्या या कथेत कोठेही दिलेली नाही. साठा करू न देऊन ती तो शिकविते.

हीच कल्पना प्रभूच्या प्रार्थनेत पुन्हा येते. मराठीत 'रोजची भाकर' असे जेथे म्हटले जाते तेथे मूळ ग्रीकमध्ये 'एपिऊसिऑस' हे विशेषण आहे. हा शब्द अन्यत्र जवळजवळ आढळत नाही. तो शुभवर्तमानकारांनीच घडविला असावा, असे तिसऱ्या शतकात ऑरिजेनने नोंदविले होते. 'आजच्यापुरती', 'उद्याची' किंवा 'जगण्यास आवश्यक तेवढी' असे त्याचे तिन्ही अर्थ लावले गेले आहेत. यांपैकी कोणताही घेतला तरी मागणी कोठाराची नाही, एका ताटाची आहे, हे स्पष्ट आहे. 'पोळी' किंवा 'अन्न' न म्हणता 'भाकर' म्हटल्यामुळे मराठीत ही मागणी कष्टकऱ्याच्या तोंडची झाली, हे या अनुवादाचे यश म्हणावयास हवे.

तिसरा दाखला शब्दाचा आहे. हिब्रू भाषेत विश्वास, विश्वासूपणा यांसाठी 'एमूना' हा शब्द येतो. 'निर्गम' ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू असताना मोशे हात वर धरून उभा राहतो. हात जड होतात, तेव्हा त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर दोहोंकडून त्याचे हात सावरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. हे 'स्थिर राहणे' सांगण्यासाठी मूळात 'एमूना' हाच शब्द आहे. येथे विश्वास ही मनाची उचंबळ नाही. तो सूर्यास्तापर्यंत टिकवावयाचा आहे, आणि तो टिकविण्यास शेजारच्यांचे हात लागतात. दैनिक चिंतनाची सारी भूमिका या एका प्रसंगात सामावलेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३

या प्रकाराच्या मुद्रित परंपरांपैकी सर्वांत दीर्घकाळ चालत आलेल्या परंपरांत जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातील हेर्नहूट या वसाहतीची गणना होते. मोरेव्हियातून धर्मच्छळामुळे आलेल्या निर्वासितांनी १७२२ मध्ये काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ (१७००–१७६०) यांच्या जमिनीवर ही वसाहत उभारली. ३ मे १७२८ रोजी सायंकाळच्या उपासनेत त्यांनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले. पुढे असे वचन घरोघर जाऊन सांगण्याचा परिपाठ पडला. १७३१ पासून वर्षभराची वचने छापून निघू लागली आणि ती वार्षिके आजही निघतात. पन्नासाहून अधिक भाषांत त्यांची भाषांतरे होतात. त्यांना 'लोझुंगेन' म्हणतात. त्याचा अर्थ परवलीचे शब्द. पहाऱ्यावरच्या शिपायाला रात्रीपुरता जसा परवलीचा शब्द दिला जातो, तसे हे वचन दिवसापुरते.

जुन्या करारातील सुमारे अठराशे वचनांच्या संग्रहातून चिठ्ठी काढून प्रत्येक दिवसाचे वचन ठरते. नव्या करारातील वचन त्याला अनुरूप असे निवडले जाते. चिठ्ठी म्हटली की भारतीय वाचकाला कौल आठवेल, किंवा 'रामचरितमानसा'च्या अनेक आवृत्त्यांना जोडलेली रामशलाका प्रश्नावली आठवेल. साम्य खरे आहे, परंतु भेद अधिक महत्त्वाचा आहे. कौल लावताना प्रश्न माणसाचा असतो आणि उत्तर देवाकडून अपेक्षिलेले असते. हेर्नहूटची चिठ्ठी मात्र सुमारे तीन वर्षे आधी, कोणीही काही विचारलेले नसताना, सर्वांसाठी एकच काढली जाते. त्या दिवशी कोणाच्या घरी लग्न असेल आणि कोणाच्या घरी मृत्यू, हे चिठ्ठी काढणाऱ्यास ठाऊक नसते. म्हणून ते वचन वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. उलट तेच वाचकाला प्रश्न करते.

वारकऱ्यांच्या हरिपाठाशी तुलना केली म्हणजे आणखी एक विशेष ध्यानात येतो. हरिपाठ रोज तोच आणि सबंध म्हटला जातो. त्याचे बळ पुनरावृत्तीत आहे; ओळखीच्या शब्दांत मन मुरते. सप्ताहाच्या पारायणात ग्रंथाचे भाग पडतात, पण ते अध्यायांच्या क्रमाने. दैनिक चिंतनात विभागणी ग्रंथाच्या रचनेप्रमाणे होत नाही, ती तिथीप्रमाणे होते. ग्रंथाचा क्रम मोडून पंचांगाचा क्रम स्वीकारला जातो. येथेच अडचण सुरू होते.

४

इंग्रजीतील दोन उदाहरणांवरून ती स्पष्ट होईल. लंडनचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन (१८३४–१८९२) यांनी १८८८ मध्ये रोजच्या वाचनासाठी देवाच्या अभिवचनांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्याच्या नावातच विश्वासाच्या बँकेचे चेकबुक अशी कल्पना योजिली. चेक जसा सही करून बँकेत हजर करावा, तसे वचन प्रार्थनेत देवासमोर मांडावे, असा त्यांचा आशय. स्पर्जन त्या वेळी आपल्याच पंथातील कडवट वादाने आणि आजाराने पीडित होते. त्यामुळे त्या पानांतील भरवसा सुखवस्तू माणसाचा नव्हे. परंतु वाचकाच्या हाती प्रतिमा उरते ती बँकेची, आणि बँक ही साठ्याची जागा. मान्ना आणि बँक या दोन प्रतिमांमध्ये दैनिक चिंतनाचे सारे वाङ्मय हेलकावे खाताना दिसते.

दुसरे उदाहरण ऑस्वल्ड चेंबर्स (१८७४–१९१७) यांचे. पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये सैनिकांत काम करीत असताना ते कैरोत वारले. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेले आणि अनेक भाषांत गेलेले 'माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट' हे ३६५ दिवसांचे पुस्तक त्यांनी लिहिलेलेच नाही. लंडनच्या विद्यालयात आणि इजिप्तच्या छावणीत त्यांनी दिलेली व्याख्याने त्यांच्या पत्नीने लघुलिपीत टिपून घेतली होती; त्या टिपणांतून तिने एकेका दिवसाचे उतारे निवडले. म्हणजे येथे वचन तर कापलेले आहेच, पण भाष्यही कापलेले आहे. त्या पानांची ठाशीव, तुटक शैली बरीचशी या संपादनाची देणगी आहे. ग्रंथकर्ता कोण, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाने येथे जरूर विचारावा.

भारतीय वाङ्मयातही याला समांतर असे एक उदाहरण आहे. आनंद हिंगोरानी यांच्या पत्नीच्या निधनानंतर गांधीजींनी त्यांच्यासाठी २० नोव्हेंबर १९४४ पासून सुमारे दोन वर्षे रोज एक विचार लिहिला. पुढे ते लेखन 'बापू के आशीर्वाद' या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे शास्त्रवचन कापलेले नाही. एका दुःखी माणसासाठी त्या त्या दिवशी लिहिलेले ते शब्द आहेत. दिवसाचा शब्द प्रथम कोणा एकासाठी असतो आणि मग सर्वांचा होतो, हे त्यावरून दिसते. हेर्नहूटमध्ये तो आधीच सर्वांसाठी असतो आणि मग एकाचा होतो.

५

वचन कापण्याचा धोका शास्त्राने स्वतःच दाखवून दिला आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकण्यास सांगतो. त्यासाठी तो आधार देतो तो शास्त्राचाच : देव आपल्या दूतांकरवी भक्ताला सांभाळतो, हे एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातील वचन. देवावरील भरवशाविषयी याहून स्पष्ट वचन शोधून सापडणे कठीण. कोणत्याही दैनिक चिंतनाच्या पुस्तकात ते सहज शोभेल. परंतु स्तोत्रात हे सांभाळणे माणसाच्या सर्व मार्गांत आहे असे म्हटले आहे, आणि नेमके तेवढेच शब्द सैतान गाळतो. मार्गावरून चालणाऱ्याचे वचन तो कड्यावरून उडी टाकणाऱ्याला देतो.

येशूची तिन्ही उत्तरेही वचनेच आहेत, आणि ती तिन्ही 'अनुवाद' या ग्रंथाच्या सहाव्या ते आठव्या अध्यायांतील आहेत. त्यांपैकी पहिले तर मान्नाच्याच संदर्भातले : अरण्यात लोकांना भुकेले का ठेवले आणि मान्ना का दिला, याचा उलगडा करणारे. म्हणजे उत्तर देणाऱ्यानेही एकेक वाक्यच उच्चारले. पण त्या वाक्यामागे चाळीस वर्षांचे अरण्य उभे होते. वचन लहान असणे हा दोष नव्हे. त्याचे मूळ तोडणे हा दोष.

या भेदाची कसोटी आपल्या काळाच्या जवळ एका माणसाच्या आयुष्यात लागली. जर्मन धर्मशास्त्रवेत्ते दीत्रिख बोनहोफर (१९०६–१९४५) हेर्नहूटची वचने नियमाने वाचीत. तथापि फिंकेनवाल्डे येथील गुप्त पोलिसांनी १९३७ मध्ये बंद केलेल्या विद्यालयातील सहजीवनावर त्यांनी १९३९ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी बजावले की दिवसाचे वचन म्हणजे अजून सबंध शास्त्र नव्हे. ग्रंथ क्रमाने वाचल्यावाचून गत्यंतर नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तेथे सुरक्षितता होती, काम होते. परंतु २० जून रोजी त्यांनी ते काम नाकारले आणि युद्धाच्या उंबरठ्यावरील आपल्या देशात परतण्याचे ठरविले. २६ जून रोजी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा अखेरचा भाग त्यांच्या वाचनात आला. त्यात पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला हिवाळ्यापूर्वी निघून येण्यास विनवितो. ते वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे असे बोनहोफर यांना दिवसभर वाटत राहिले, आणि ते तसे ऐकणे हा शास्त्राचा दुरुपयोग नव्हे, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली.

हा दुरुपयोग का नव्हे? निर्णय आधीच झाला होता. वचनाने तो कौलासारखा दिला नाही. वाचक पत्राचा संदर्भ जाणत होता. आणि वचनाने त्याला धोक्यातून सोडविले नाही, उलट धोक्यात परत पाठविले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग येथील छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. वचनाला चेक समजणाऱ्याच्या हिशोबात हे खाते बुडालेले ठरेल. मान्नाच्या हिशोबात मात्र एकेका दिवसाची भाकर मिळत गेली, एवढेच म्हणता येते.

६

मराठी वाचकासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली शब्दांची. मराठी शास्त्राच्या रूढ भाषांतरात देवावर 'भाव ठेवणे' हा प्रयोग येतो. 'भाव' हा शब्द संतवाङ्मयातून आर्द्रता घेऊन येतो. मूळ हिब्रू 'बाताख' या क्रियापदात निर्धास्तपणे विसंबून राहण्याची छटा आहे. 'भाव' आणि 'भरवसा' या दोन शब्दांमधील अंतर म्हणजे मराठी ख्रिस्ती चिंतनाची खास भूमी होय. तेथे भक्ताचे हळवेपण आणि विसंबणाऱ्याचे निर्धास्तपण एकत्र नांदू शकते. तसेच 'मनन' म्हणताना आपण मनातल्या विचाराची कल्पना करतो. पण पहिल्या स्तोत्रातील मूळ शब्द 'हागा' म्हणजे हलक्या आवाजात पुटपुटणे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द आहे. नामजपाच्या आणि पारायणाच्या संस्कारात वाढलेल्या कानाला हा अर्थ परका वाटू नये.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२). पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या शास्त्र्याची ही मुलगी. ग्रंथ अंशतः नव्हे, अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत करण्याची परंपरा तिने बालपणीच अनुभवली होती. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात सामान्य स्त्रियांना कळावे म्हणून तिने हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून सबंध पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते तिच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. निवडक वचनांचा संग्रह करणे सोपे होते. तिने सबंध ग्रंथ दिला, आणि तोही नुकत्याच अक्षरओळख झालेल्या स्त्रियांच्या हाती.

दैनिक चिंतनाचे पान आणि रमाबाईंचे भाषांतर ही एकमेकांची विरोधी नाहीत. एकाला दुसऱ्याची गरज आहे. पान नसेल तर ग्रंथ कपाटात राहतो, आणि ग्रंथ नसेल तर पान हवे तसे वळविता येते. या वाङ्मयाचा अभ्यास करताना म्हणून एक साधी कसोटी लावावी : हे पान वाचकाला वचन हातात देऊन परत पाठविते, की ज्या अध्यायातून ते वचन आले त्याच्या दारापर्यंत नेऊन सोडते? ज्या चिंतनकाराने हे दुसरे साधले, त्याचे लेखन भाविकांच्या उपयोगाचे तर आहेच, पण भारतीय भाषांच्या गद्येतिहासातही त्याची नोंद घ्यावयास हवी.