राखीव प्रतींचे कोठार

३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट. जगभरच्या संगणक-प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवणाऱ्या 'गिटलॅब' या कंपनीत एक अभियंता रात्री दुरुस्ती करीत होता. त्याने माहिती पुसण्याची एक आज्ञा दिली आणि लगेच त्याच्या लक्षात आले, की ती भलत्याच संगणकाला दिली गेली आहे! त्याने ती थांबवली खरी, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइट माहिती नाहीशी झाली होती. 'त्यात काय, राखीव प्रत असेलच!' असे तुम्ही म्हणाल. पण शोधाशोध केल्यावर दिसले, की रोजची प्रत काढणारी यंत्रणा मुकाट्याने बंद पडली होती. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाती लागली. त्या सहा तासांत भरलेली माहिती मात्र कायमची गेली.

मूळ माहिती गेली तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली वेगळी प्रत म्हणजे 'बॅकअप', आणि अशा प्रती सांभाळणारा संगणक म्हणजे 'बॅकअप सर्व्हर'. तो कसा निवडावा? आपण एक उदाहरणच सोडवू.

जागा किती हवी?

समजा, एका शाळेच्या संगणकावर निकाल, प्रयोगांच्या नोंदी, छायाचित्रे व चित्रफिती मिळून ४ टेराबाइट माहिती आहे. (१ टेराबाइट म्हणजे १,००० गिगाबाइट.) दररोज तीत सुमारे २० गिगाबाइटचा बदल होतो. पहिल्या दिवशी सगळी प्रत घ्यायची. पुढे रोज फक्त बदललेला भाग घ्यायचा. ३० दिवसांचे बदल जपायचे तर ३० × २० = ६०० गिगाबाइट, म्हणजे एकूण ४.६ टेराबाइट जागा लागेल. माहिती दरवर्षी वाढतच जाणार, म्हणून १२ टेराबाइट जागा धरू.

महिनाभराचे बदल कशाला जपायचे? कारण चूक नेहमी त्याच दिवशी कळते असे नाही. दहा दिवसांपूर्वी बिघडलेली फाइल आज लक्षात आली, तर कालची प्रतही बिघडलेलीच असणार!

वेग किती हवा?

येथे पुष्कळांची फसगत होते. सर्वांत वेगवान, म्हणून सर्वांत महाग साठवण घ्यावी असे वाटते. पण दोन संगणकांना जोडणारी नेहमीची गिगाबिट तार सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट माहिती वाहून नेते. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला सुमारे २०० मेगाबाइट लिहू शकते. नळ बारीक असेल तर हौदाचे तोंड रुंद करून काय उपयोग? तारेच्या कमाल वेगाने ४ टेराबाइट यायला ३२,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ ९ तास लागतील. ते काम एका रात्रीत होईल, आणि रोजचे २० गिगाबाइट तर तीन मिनिटांतही येतील. तेव्हा येथे साधी हार्ड डिस्क पुरे. प्रोसेसरही मध्यम प्रतीचा चालेल.

डिस्का कशा मांडाव्या?

हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. ते कधी ना कधी बंद पडणारच. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडण्याच्या पद्धती एका निबंधात मांडल्या. त्यांना 'रेड' म्हणतात. सर्वांत सोपी पद्धत आरशाची: दोन डिस्कांवर तंतोतंत तेच लिहायचे. दुसरी पद्धत समतेची. ती गमतीची आहे. पाहा:

क डिस्क: १ ० १ १
ख डिस्क: ० १ १ ०
ग डिस्क: १ ० ० ०
समता डिस्क: ० १ ० १

प्रत्येक उभ्या ओळीत १ हा अंक सम वेळा यावा, अशा रीतीने शेवटची ओळ भरली आहे. आता ख वर हात ठेवा. उरलेल्या तीन ओळींवरून ख पुन्हा लिहिता येते की नाही? चारांपैकी कोणतीही एक डिस्क गेली तरी माहिती वाचते, ती अशी.

आपल्याला १२ टेराबाइट हवेत. १२ टेराबाइटच्या दोन डिस्का आरशासारख्या लावाव्यात, की ४ टेराबाइटच्या चार डिस्का समतेने? जागा दोन्हींत सारखीच मिळते. पण चार डिस्का वीज जास्त खातात आणि बिघडायलाही चार असतात. म्हणून शाळेने आरसा निवडावा. मोठ्या कोठारात मात्र आरसा महाग पडतो. तेथे समतेची पद्धत, तीही दोन डिस्का गेल्या तरी चालेल अशी, वापरतात. त्याचे कारण असे, की १२ टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने भरायला साडेसोळा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत दुसरी डिस्क बंद पडू शकते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. आरसा यंत्राच्या बिघाडापासून वाचवतो, माणसाच्या चुकीपासून नाही. त्यासाठी जुने बदल जपलेली वेगळी प्रतच लागते.

आणखी काय हवे?

स्मृतीत एखाद्या ० चा १ झाला, तर चुकीचीच प्रत लिहिली जाईल. म्हणून चूक स्वतः ओळखून सुधारणारी 'ईसीसी' स्मृती घ्यावी. अशा चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केली. लिहिता लिहिता वीज गेली तर प्रत अर्धवट राहते. म्हणून यूपीएसही हवा.

आता जागेचा विचार. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या संगणक-केंद्राला आग लागून एक इमारत जळून गेली. ज्यांची मूळ माहिती व राखीव प्रत दोन्ही तेथेच होती, त्यांचे दोन्ही गेले. म्हणून नियम असा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. शाळेने महिन्यातून एकदा सुट्या डिस्कवर प्रत काढून ती दूरच्या कपाटात ठेवली तरी चालेल. ती कोणत्याही संगणकाला जोडलेली नसल्याने व्हायरसही तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

हे सर्व जमवल्यावर एक काम उरते, आणि तेच गिटलॅबमध्ये राहून गेले होते: प्रत परत उघडून पाहणे. दर महिन्याला दहा-बारा फाइली राखीव प्रतीतून काढा आणि मुळाशी ताडून पाहा. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे धरून चालू नका.

करून पाहा: चार मित्र घ्या. तिघांनी कागदावर ० आणि १ असे आठ-आठ अंक मनाने लिहावेत. चौथ्याने समतेची ओळ लिहावी. मग शिक्षकांना एक कागद लपवायला सांगा आणि उरलेल्या तिघांवरून तो लिहून काढा. नंतर दोन कागद लपवून पाहा. काय होते? आणि का?