उघडले पत्र, पण वाचता येईना!

विद्यार्थिमित्रहो, समजा, सोलापुरातील तुमच्या शाळेने शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना ईमेलला जोडून पाठवली. मोबाइलवर फाइल उघडून पाहता तो काय, मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे! मग अर्जाची मुदत कळायची कशी? फाइल बिघडली म्हणावी काय? नाही. कारण निराळेच आहे.

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. १०० म्हणजे इंग्रजी डी, १०१ म्हणजे ई, १२१ म्हणजे वाय. ‘कृती देव’ या जुन्या फॉन्टमध्ये याच आकड्यांवर क, म आणि ल यांचे आकार बसवलेले आहेत. म्हणून त्यात ‘कमल’ हा शब्द १००, १०१, १२१ असा साठवला जातो. शाळेच्या संगणकात तो फॉन्ट असल्याने तेथे ‘कमल’ दिसते. तुमच्या मोबाइलमध्ये तो नसल्याने डी, ई, वाय उमटतात.

युनिकोड पद्धतीत प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक असतात. सोलापुरात मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा कानी पडतात. त्यांच्या ‘क’चे क्रमांक अनुक्रमे २३२५, ३०९३ व ३२२१. मग घोटाळा होईल कसा?

तेव्हा अशी फाइल आली, तर पाठवणाऱ्याला तिची फॉन्टसह पीडीएफ करून पाठवण्यास सांगा. कायमचा उपाय मात्र एकच: मजकूर युनिकोडमध्येच टाइप करणे.

करून पाहा: शाळेच्या संगणकावर फाइलमधील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ मराठीच राहिली, तर ती युनिकोडमधील. इंग्रजी अक्षरे उमटली, तर जुन्या फॉन्टमधील.