पायवाट रुंद का होते?



आपल्या श्रूजबरीहून वॉचूसेट डोंगर जवळच आहे. उंची २००६ फूट. बर्फ वितळल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, तिथल्या पायवाटांवर चिखल असतो. बूट खराब होऊ नयेत म्हणून आपण कडेच्या गवतावरून जातो. आम्ही पालक मंडळीच मुलांना तसे सांगतो! पण पायवाटेचे नुकसान नेमके तिथेच होते.

कसे, ते पाहू. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. पावसाचे पाणी त्यांतून मुरते. हजारो पावले पडली की माती दाबली जाते आणि पोकळ्या बुजतात. मग पाणी मुरत नाही, उतारावरून वाहू लागते. पायवाटेचा ओहोळ होतो, माती वाहून जाते, झाडांची मुळे उघडी पडतात. लोक शेजारून चालतात, आणि तिथेही तेच सुरू होते. म्हणून चिखल असला तरी मधूनच चालावे. बूट धुता येतात.

वाटेत कुठे कुठे तिरपे ओंडके किंवा दगड रोवलेले दिसतात. त्या पायऱ्या नव्हेत. वाहते पाणी वाटेबाहेर काढण्यासाठी ते मुद्दाम तिरपे बसवलेले असतात. साधी युक्ती, पण फार कामाची.

आता साताऱ्याजवळचे कास पठार पाहा. आपल्यापैकी बऱ्याच मुलांनी ते पाहिलेले नाही, कारण फुले ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये आणि आपली सुट्टी जून-जुलैत! तिथे जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम पातळ थर आहे. त्यावर सीतेची आसवे नावाची इवली निळी-जांभळी फुले येतात. ही वनस्पती मातीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते! टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. म्हणजे एका फोटोसाठी कळ्या तुडवल्या, तर पुढच्या बहरासाठी सात वर्षे थांबायचे.

२०१२ साली कास युनेस्कोच्या जागतिक वारशात आले आणि गर्दी आणखी वाढली. वन खात्याने आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी शुल्क लावले, आगाऊ नोंदणी आणली, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली. हे आम्हाला पटते. लोखंडी जाळीचे कुंपणही घातले होते. त्याने माणसे अडली, पण गुरेही अडली. गुरे चरत नसल्याने उंच गवत माजते आणि लहान फुलांना ऊन मिळत नाही, असे अभ्यासकांनी सांगितले. पुढे जाळी काढण्यात आली. गुराखी फुलांचा मित्र निघाला, ही गंमत आम्हाला फार आवडली.

शब्दार्थ
ओहोळ – लहानसा ओढा
जांभा – तांबूस, सच्छिद्र दगड
तुडवणे – पायाखाली चिरडणे
गुराखी – गुरे चारणारा

गृहपाठ
१. चिखलात कडेने का चालू नये? तीन वाक्ये लिहा.
२. पुढच्या वेळी डोंगरावर तिरपे ओंडके मोजा. एकाचे चित्र काढून पाणी कुठे जाते ते बाणाने दाखवा.
३. आजी-आजोबांना फोनवर विचारा: त्यांच्या गावाकडची पायवाट कुठून कुठे जात असे?